‘तुंबाड’चं पार्श्वसंगीत: व्हिडिओ गेमचा संगीतकार हस्तरच्या वाड्यात कसा पोहोचला?

‘तुंबाड’ आठवला की आधी पाऊस आठवतो. मग तो पडका वाडा, बांधून ठेवलेली म्हातारी, पिठाची बाहुली आणि हस्तर. पण डोळे मिटून सिनेमा आठवायचा प्रयत्न केला, तर आणखी एक गोष्ट हाती लागते. पावसाच्या आवाजाखाली काहीतरी सतत घुमत असतं. ते गाणं नाही आणि त्याला शब्दही नाहीत. तरी ते नसतं तर तो वाडा इतका जिवंत वाटला नसता.

ते संगीत केलं आहे जेस्पर किड या डॅनिश संगीतकाराने. ‘हिटमॅन’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ हे गेम खेळलेल्यांना हे नाव ठाऊक आहे. सिनेमा पाहणाऱ्या बहुतेकांना मात्र ते माहीत नसतं. मराठी मातीतल्या या भयकथेसाठी कॉम्प्युटरवर संगीत रचत मोठा झालेला माणूस का लागला? आणि गाण्यांचा नव्हे, तर फक्त पार्श्वसंगीताचा अल्बम ऐकायचा म्हणजे नेमकं काय ऐकायचं?

थोडक्यात माहिती

- चित्रपट: तुंबाड (हिंदी), प्रदर्शन १२ ऑक्टोबर २०१८
- दिग्दर्शक: राही अनिल बर्वे
- सर्जनशील दिग्दर्शक: आनंद गांधी, सहदिग्दर्शक: आदेश प्रसाद
- निर्माता आणि प्रमुख अभिनेता: सोहम शाह
- छायाचित्रण: पंकज कुमार
- पार्श्वसंगीत: जेस्पर किड
- शीर्षकगीत: अजय-अतुल, गीतकार राज शेखर
- कथेचा काळ: १९१८, १९३३ आणि १९४७
- कथेची ठिकाणं: तुंबाड गाव आणि पुणे

गोष्ट आली कुठून?

पुण्यातल्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकात गेलात तर शालेय पुस्तकांच्या गठ्ठ्यांपलीकडे कथा-कादंबऱ्यांची दुकानंही लागतात. तिथे भयकथा मागितल्या की जे नाव हमखास पुढे येतं, ते नारायण धारप यांचं. ‘तुंबाड’चं मूळ त्यांच्यापर्यंत जातं.

राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली हकिकत अशी आहे. १९९३ मध्ये ते नागझिरा अभयारण्यात गेले असताना रात्री एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली. लहानग्या राहीची त्या रात्री पाचावर धारण बसली. ही गोष्ट म्हणजे ‘आजी’. ती स्वतःही स्टीफन किंग यांच्या एका कथेवर बेतलेली होती. परदेशी भयकथा मराठी घरात, मराठी माणसांत आणून बसवणं ही धारपांची खासियत होती. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरीही किंग यांच्याच एका कादंबरीवरून आलेली आहे.

सिनेमाचं नाव सुचलं ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. १९८७ साली आलेल्या त्या कादंबरीचा सिनेमाच्या कथेशी मात्र संबंध नाही.

म्हणजे या गोष्टीच्या मुळाशीच एक देवाणघेवाण आहे. अमेरिकन कथा मराठीत आली, मराठीतून एका मुलाच्या कानावर पडली आणि पुढे हिंदी सिनेमा झाली. त्यात आणखी एक परदेशी माणूस येऊन मिसळला, तर ते या गोष्टीच्या स्वभावाला धरूनच झालं.

बर्वे यांनी पहिला खर्डा १९९७ मध्ये लिहिला, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. मराठी वाचकांना ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ लिहिणारे अनिल बर्वे माहीत आहेत. राही त्यांचे चिरंजीव. खर्डा तयार असला तरी पैसे घालणारं कुणी मिळेना. निर्माते आले आणि गेले. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, हाती आलेला सिनेमा मनासारखा न वाटल्याने बराच भाग पुन्हा चित्रित केला गेला आणि २०१५ मध्ये काम संपलं. खरा पाऊस हवा म्हणून युनिट अनेक पावसाळे थांबलं. वाडा म्हणून जो दिसतो, तो पुण्याजवळच्या सासवडमधला सरदार पुरंदऱ्यांचा वाडा.

हा खटाटोप मोठ्या स्टुडिओच्या पाठबळावर झालेला नाही. नावाजलेला नायक नाही, नाचगाणी नाहीत आणि कथा लोभी माणसाची. अशा सिनेमात संगीतावर जरा वेगळंच ओझं येतं.

जेस्पर किड कोण?

किड यांचा जन्म १९७२ मधला, डेन्मार्कचा. लहानपणी पियानो आणि गिटार झाली, पण त्यांची खरी शाळा म्हणजे घरगुती कॉम्प्युटर. आधी कमोडोर ६४ आणि नंतर अमिगा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी युरोपात पोरांची एक वेगळीच दुनिया तयार झाली होती. तिला डेमोसीन म्हणतात. पाच-सहा मित्रांनी गट करायचा. एकाने प्रोग्रॅम लिहायचा, दुसऱ्याने चित्रं करायची, तिसऱ्याने संगीत. सगळं मिळून काही मिनिटांचा ‘डेमो’ बनवायचा आणि मेळाव्यात दाखवायचा. ज्या मशीनला हे जमणारच नाही असं सगळे म्हणतात, त्याच मशीनकडून ते करून घ्यायचं, ही त्यातली ईर्षा. किड ‘सायलेंट्स’ या गटात संगीत करत होते. १९९१ मधला ‘हार्डवायर्ड’ हा त्यांचा डेमो आजही या मंडळींत आठवला जातो.

अमिगावर संगीत कसं व्हायचं हे समजलं की पुढचं समजणं सोपं जातं. त्या कॉम्प्युटरच्या साउंड चिपला चारच चॅनेल होते, म्हणजे एका वेळी चारच आवाज. ‘ट्रॅकर’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून खाली सरकणारा एक तक्ता असे. कुठल्या ओळीवर कुठला सूर वाजणार, हे आकडे आणि अक्षरं टाइप करून भरायचं. आवाज म्हणजे कुठून तरी रेकॉर्ड केलेले छोटे नमुने. तंबोऱ्याची एक तार असो की दार आपटल्याचा आवाज, नमुना एकदा आत घेतला की तो कुठल्याही पट्टीत वाजवता येतो.

चार चॅनेलमध्ये ताल, खर्ज, सुरावट आणि वातावरण हे सगळं बसवायचं, तर प्रत्येक आवाजाला दोन-दोन कामं करावी लागतात. एकच आवाज खर्जही सांभाळतो आणि भीतीही. अशी काटकसर हाडीमाशी भिनली की पुढे शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा मिळाला तरी जात नाही.

याच मित्रमंडळींतून पुढे गेम बनवणारी कंपनी उभी राहिली. सेगाच्या गेम मशीनसाठी १९९४ मध्ये ‘सब-टेरेनिया’ आणि १९९५ मध्ये ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ला किड यांनी संगीत दिलं. दुसऱ्या गेमचं संगीत तर थेट टेक्नो आहे. लहान मुलांच्या गेममध्ये क्लबचं संगीत.

मग २००० मध्ये ‘हिटमॅन’ आला. २००२ च्या दुसऱ्या भागासाठी त्यांनी बुडापेस्टचा सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि हंगेरियन रेडिओचा गायकवृंद घेतला. ‘हिटमॅन: कॉन्ट्रॅक्ट्स’च्या संगीताला २००५ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला. २००९ च्या ‘असॅसिन्स क्रीड २’ मधली ‘एझिओज फॅमिली’ ही त्यांची धून पुढे त्या संपूर्ण मालिकेची ओळख बनली. सिंथेसायझर, तंतुवाद्यं आणि माणसांचे आवाज एकात एक असे मिसळायचे की कुठलं कुठे संपतं ते कळू नये, ही त्यांची हातोटी.

गेमचं संगीत आणि सिनेमाचं संगीत यांत फरक काय?

सिनेमाच्या संगीतकारापुढे ठरलेला काळ असतो. नायक दार उघडतो ते बाविसाव्या सेकंदाला, म्हणजे सूर बदलायचा तोही बाविसाव्या सेकंदाला.

गेममध्ये तसं नाही. खेळणारा त्या दारासमोर दोन सेकंद थांबेल किंवा वीस मिनिटं. त्यामुळे संगीत प्रसंगाला बांधून चालत नाही, ते जागेला बांधावं लागतं. या वाड्यात असताना काय ऐकू येईल, तळघरात उतरलं की त्यात कुठला थर वाढेल, कुणी पाहिलं तर काय बदलेल, असा विचार करावा लागतो. थर चढतात आणि उतरतात, पण जागेचा स्वभाव तोच राहतो. ते कितीही वेळ वाजलं तरी कंटाळा येता कामा नये आणि खेळणाऱ्याचं लक्षही उडता कामा नये.

आता ‘तुंबाड’ची रचना पाहा. विनायक त्या वाड्याच्या गावात लहानपणी राहतो, १९३३ मध्ये पुण्याहून परततो आणि १९४७ मध्ये मुलाला घेऊन पुन्हा तिथेच उतरतो. माणसं म्हातारी होतात, राज्य बदलतं. वाडा आणि त्याच्या पोटातलं ते गर्भागार मात्र तिथेच असतं. या सिनेमाचं खरं मुख्य पात्र ही जागा आहे. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षं जागांना आवाज दिला, अशा संगीतकाराची गरज इथे होती. किड यांची निवड वरवर विचित्र वाटते, पण सिनेमाची मागणी पाहिली की ती चपखल वाटू लागते.

‘तुंबाड’मध्ये हे संगीत काय करतं?

सर्वात आधी, ते काय करत नाही ते पाहू. १९३३ चं पुणं दाखवायचं म्हटलं की नाट्यसंगीत, ग्रामोफोन, पेटी-तबला अशी सोपी वाट तयार असते. किड यांचं पार्श्वसंगीत तशी मैफल मांडायला जात नाही. काळ उभा करायचं काम वाडे, कपडे, कंदील आणि भाषेवर सोडलं आहे.

संगीताकडे राहतो तो लोभ. हस्तरची कथा म्हटली तर साधी. समृद्धीच्या देवीचा हा पहिला मुलगा सोन्यासाठी आणि धान्यासाठी हपापलेला. देवांनी त्याला संपवायला घेतलं, तेव्हा आईने त्याला पोटात लपवलं. अट एकच होती. त्याची पूजा व्हायची नाही, त्याचं नावही कुणी घ्यायचं नाही. तुंबाडच्या एका घराने त्याचं देऊळ बांधलं आणि गावावर न थांबणारा पाऊस आला.

अशा देवाला कुठला राग द्यायचा? कुठली आरती? ज्याची परंपराच पुसून टाकलेली आहे, त्याचं संगीत ओळखीचं असून चालणार नाही. तंतुवाद्यांचे लांबत जाणारे सूर, माणसांचे आवाज आणि त्याखालची इलेक्ट्रॉनिक घरघर, यातलं काहीच आपल्या देवघरातलं नाही. म्हणूनच ते हस्तरला शोभतं.

यावर आक्षेप घेता येतो. इतकी मराठी गोष्ट असताना गोंधळ, संबळ, जागरण या वाटेने भीती उभी करता आली नसती का? आली असती, आणि तो वेगळा सिनेमा झाला असता. पण इथल्या मातीचा सूर अगदीच वगळलेला नाही. तो अजय-अतुल यांच्या शीर्षकगीतात आहे. अतुल गोगावले यांचा आवाज लागतो आणि गाव एकदम जवळ येतं. किड यांचं संगीत त्या गावाखालची पोकळी सांभाळतं.

योगायोग असा की ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला होता. त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या ‘तुंबाड’ने उलटा प्रवास केला आणि पाश्चात्त्य संगीतकाराला आपल्या वाड्यात बोलावलं.

साउंड डिझाइन म्हणजेच पार्श्वसंगीत का?

नाही. इथे अनेकांची गल्लत होते. सिनेमाच्या आवाजाचे ढोबळमानाने तीन भाग असतात: संवाद, ध्वनी आणि संगीत. पावसाची झड, लाकडी दाराची करकर, दोराचा ताण, पिठावर सरकणारं शरीर, हे सगळं ध्वनी विभागाचं काम. ‘तुंबाड’चं साउंड डिझाइन कुणाल शर्मा यांचं आहे. त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. छायाचित्रण आणि कलादिग्दर्शनालाही फिल्मफेअर मिळाले.

चांगल्या भयपटात ध्वनी आणि संगीत यांच्यातली रेघ मुद्दाम पुसट ठेवलेली असते. खर्जातला सूर सिंथेसायझरचा आहे की वाड्याच्या पायातून येतोय, हे प्रेक्षकाला कळू नये हाच हेतू.

पार्श्वसंगीताचा अल्बम महत्त्वाचा ठरतो तो इथेच. किड यांचं हे काम वेगळा अल्बम म्हणूनही उपलब्ध आहे. त्यात पाऊस नाही, संवाद नाहीत, करकर नाही. तीन भागांतला एकच भाग समोर येतो आणि सिनेमा पाहताना जे फक्त जाणवलं होतं, ते पहिल्यांदा ऐकू येतं.

मग आपल्याकडे असे अल्बम कमी का?

कारण आपल्याकडे ‘सिनेमाचं संगीत’ म्हणजे गाणी. सिनेमा येण्याआधी गाणी बाजारात येतात, त्यांचे हक्क विकून निर्मात्याला पैसे मिळतात आणि जाहिरातही होते. पार्श्वसंगीत तयार होतं सगळ्यात शेवटी, बहुतेकदा घाईत. तोपर्यंत पैसे आणि वेळ दोन्ही संपत आलेले असतात.

‘फँड्री’चं उदाहरण घ्या. अजय-अतुल यांचं विंचवाचं गाणं घराघरांत पोहोचलं, ते प्रत्यक्ष सिनेमात नसूनही. सिनेमात जे पार्श्वसंगीत आहे ते अलोकनंदा दासगुप्ता यांचं. हे नाव किती प्रेक्षकांना सांगता येईल? ‘किल्ला’चं पार्श्वसंगीत नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांचं. तिथेही तीच गत.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनीही हा फरक उशिराच मानला. २००९ च्या चित्रपटांपासून संगीत दिग्दर्शनाचे दोन पुरस्कार कायम झाले, एक गाण्यांसाठी आणि एक पार्श्वसंगीतासाठी. त्या वर्षी गाण्यांचा पुरस्कार ‘देव डी’साठी अमित त्रिवेदी यांना मिळाला, तर पार्श्वसंगीताचा ‘पळशी राजा’साठी इलैयाराजा यांना.

प्रश्न फक्त कौतुकाचा नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला. त्यानंतर चित्रपटगृहाबाहेर संगीत वापरलं गेलं, तर रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा वाटा राहील अशी तरतूद झाली. पण संगीत स्वतंत्रपणे बाहेर आलंच नाही, तर लोक ते शोधणार कुठे आणि ऐकणार कसं? छोट्या सिनेमाच्या संगीतकाराला अल्बममुळे लगेच घबाड मिळत नाही. निदान काम त्याच्या नावावर जमा होतं, पुढच्या दिग्दर्शकाला ऐकवता येतं. २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेल्या पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’चं संगीत टॉपशे नावाने काम करणाऱ्या धृतिमान दास यांचं आहे. मुंबईतून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या या सिनेमाची चर्चा जगभर झाली. त्या चर्चेत संगीतकाराचं नाव किती वेळा आलं, हे आठवून पाहावं.

इलेक्ट्रॉनिक आवाज आपल्याला नवा आहे का?

मुळीच नाही. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन ही पुंगी नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. मुंबईत सिनेमासाठी वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा रागांचा अल्बम केला. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा जगभरच्या डीजेंनी कान टवकारले.

आणि पार्श्वसंगीताचा वेगळा विचार तर पुण्यात त्याहूनही आधी झाला. प्रभात कंपनीच्या १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ काढूनच टाकलं. घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन, प्रसंगातले खरे आवाज यांवरच काम भागवलं. संगीत कुठे नको हे कळणं, हाही संगीताचाच विचार. याच कंपनीचं नाव बुधवार पेठेतल्या प्रभात टॉकीजला होतं. आज ते किबे लक्ष्मी म्हणून ओळखलं जातं. तिथून पायी थोडं पुढे तपकीर गल्ली. वायर, सर्किट आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची बाजारपेठ. पुस्तकं, सिनेमा आणि इलेक्ट्रॉनिक्स या पेठेत कधीचे शेजारी आहेत.

दुसऱ्यांदा पाहिला, तेव्हा काय झालं?

२०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात ‘तुंबाड’ने झाली. असा मान मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट. तरी थिएटरमध्ये त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. नंतर मोबाइल आणि टीव्हीवर तो लोकांनी शोधून पाहिला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरमध्ये लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

यात आवाजाचाही वाटा असणार. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज नीट ऐकूच येत नाही. पाऊस ऐकू येतो, संवाद ऐकू येतात, पण खाली जे घुमतं ते हरवतं. सहा वर्षं मोबाइलवर पाहिलेल्यांना ते थिएटरमध्ये पहिल्यांदा अंगावर आलं.

ऐकायला कुठून सुरुवात करावी?

अल्बम हेडफोन लावूनच ऐकावा, शक्यतो रात्री. आधी सिनेमा न आठवता ऐकावा आणि कुठला तुकडा कुठल्या प्रसंगाचा असेल हे ओळखून पाहावं. मग सिनेमा लावून गर्भागारात उतरण्याचा प्रसंग पुन्हा पाहावा. संगीत नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं, एवढ्याकडेच लक्ष द्यावं.

आणि सिनेमा संपल्यावर लगेच उठू नये. पार्श्वसंगीत करणाऱ्याचं नाव शेवटच्या पाट्यांमध्ये येतं, तोपर्यंत बहुतेक वेळा थिएटरमधले दिवे लागलेले असतात.